खाण तशी माशी

इंदूताई भोयर माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलल्या ते असं होतं: "तुमच्या घरी काही सडलं आहे का जी?"

मी त्यांच्या दारात उभा होतो. हातात तक्रारीचा कागद होता आणि फ्लॅट स्कीमचा सेक्रेटरी म्हणून चेहऱ्यावर जमेल तेवढा कडकपणा आणला होता. समोर साठी ओलांडलेली, ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, कानामागे पेन्सिल. मी म्हटलं, "नाही." त्यांचा चेहरा पडला. "केळं? जाम? एखादा चिकू?" जाम म्हणजे पेरू, नागपुरात पेरू म्हणणारा माणूस पुण्याचा समजतात. मी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी मला खालून वर पाहिलं. एवढ्या वयाचा माणूस आणि घरात एक सडकं केळं नाही, याची त्यांना माझ्या वतीने लाज वाटली असावी.

तक्रार दुसऱ्या मजल्यावरून आली होती. तळमजल्यावर नवीन बिऱ्हाड आल्यापासून जिन्यात चिलटं झाली आहेत, सेक्रेटरीने बंदोबस्त करावा. ही चिलटं म्हणजे केळ्यावर, संत्र्याच्या सालींवर घोंगावणाऱ्या लाल डोळ्यांच्या बारक्या माश्या. मी कागद वाचून दाखवला. इंदूताईंनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "माह्या नाहीत. माह्या बाटलीत आहेत. जिन्यात आहेत त्या तुमच्या तुमच्या खासगी." मग आतून एक रबरी नळी आणली, तिचं एक टोक तोंडात धरलं, दुसऱ्या टोकाला काचेची नळी होती ती जिन्यात इकडेतिकडे रोखली आणि हुक्का ओढावा तशा माश्या ओढून घेतल्या. पाच मिनिटांत त्या दुसऱ्या मजल्यावर तक्रारदाराच्या दारात होत्या. "तुमच्या कचऱ्याच्या डब्याले झाकण नाही," त्या म्हणाल्या. "ह्या घ्या तुमच्या." तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली. माझ्या कारकिर्दीतली एवढ्या वेगाने निकाली निघालेली ती पहिलीच.

एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात इंदूताईंनी प्रयोगशाळा सहायक म्हणून सगळी नोकरी काढली. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ठेवलेल्या फळमाश्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. प्राध्यापक आले, गेले, माश्या राहिल्या. इंदूताई निवृत्त झाल्या त्या दिवशी नव्या साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, दोन शब्द बोलले आणि जाता जाता सांगितलं, की मॅडम, त्या बाटल्या तेवढ्या धुऊन ठेवा, तिथे आता कम्प्युटर येणार आहेत. धुणं म्हणजे आतल्या सगळ्यांना गरम पाण्याचं स्नान. इंदूताईंनी शाल पांघरली, नारळ शिपायाला दिला आणि बेचाळीस बाटल्या ऑटोत घातल्या. ऑटोवाल्याने विचारलं, "मॅडम, दारू तर नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही जी. खानदान आहे."

हे खानदान हॉलमध्ये राहायचं. हॉलला कूलर होता. बाई स्वतः स्वयंपाकघरात, टेबलफॅनखाली. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातला त्याग कळेल. मी एकदा म्हटलं, "ताई, एखादी खाट हॉलमध्ये टाका." तर म्हणाल्या, "मले काय होते? मी घामेजते फक्त. यांच्यातले नर नापीक होतात."

त्यांच्या खाण्याचा मला एकदा प्रसाद मिळाला, तो सांगायलाच हवा. सकाळी दहाच्या सुमाराला मी मेन्टेनन्सची पावती द्यायला गेलो. गॅसवर मोठं पातेलं होतं, गुळाचा आणि मक्याच्या पिठाचा खमंग वास सुटला होता. ताई फोनवर होत्या. ओट्यावर वाटीत गरम शिरा दिसला. आमच्या घरी मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, शुगर निघाल्यापासून गोडाला बंदी केलेली. मी दोन चमचे खाल्ले. तिसरा तोंडाशी नेला तेव्हा ताईंनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "पांढरीभाऊ, तो तुमचा नाही. यांचा आहे." आणि थोडं थांबून, "बुरशीचं औषध अजून टाकलं नव्हतं. वाचले." माझं आडनाव पांढरीपांडे. ते पूर्ण उच्चारायला कोणाला वेळ नसतो, पण 'पांढरीभाऊ' हा शोध त्यांचाच. चव, खरं सांगतो, वाईट नव्हती.

प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी आणि त्यावर निळ्या शाईत दोन-तीन शब्द. 'माहेर: महाल.' 'माहेर: वाडी.' 'माहेर: संत्रा मार्केट.' मी विचारलं हे काय, तर ताईंनी मला स्टुलावर बसवलं. रानातून, बाजारातून एक मादी पकडायची. एकटीच. तिला एका बाटलीत ठेवायची. ती अंडी घालते, त्यातून लेकरं, मग नातवंडं, पतवंडं. त्या बाटलीत जे जे उडतं ते सगळं त्या एका बाईचं.

"आणि बाप?" मी विचारलं.

"बाप कोण होता कोणाले माहीत? तो काही बाटलीत आला नाही. माय आली, पोटुशी. म्हणून नाव तिच्या माहेरचं."

मी स्वतः भूमी अभिलेखच्या दफ्तरात कारकून म्हणून जन्म काढला. नकाशे, मौजे, हद्दी. तिथल्या हजारो कागदांवर मी बापाचं नाव, आजोबाचं नाव लिहिलं. बायकांच्या नावाने चाललेलं दफ्तर मी पहिल्यांदा पाहत होतो, तेही माश्यांचं.

'खाण तशी माती' ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. आईबाप तशी लेकरं. इंदूताई म्हणायच्या, 'खाण तशी माशी'. प्लंबर गळका नळ लावून गेला आणि कळलं की त्याचा बापही प्लंबर होता, की "खाण तशी माशी". लिफ्ट दुरुस्तीनंतर पुन्हा अडकली, की लिफ्टच्या कंपनीलाही तेच. मंदाच्या भाच्यासाठी नात्यातलंच स्थळ आलं तेव्हा तर त्या आपणहून वर आल्या आणि म्हणाल्या, "एकाच बाटलीतलं नको करू वं मंदा. पंख आखूड येतात." मंदाने ते जसंच्या तसं भावाला फोनवर सांगितलं. तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

महालच्या, म्हणजे जुन्या नागपुरातल्या, माश्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीत. बाहेरचं वारं नाही. बाटली हलवली तरी बसून राहतात." वाडीच्या मात्र त्यांच्या लाडक्या. अमरावती रोडवर वाडीत ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत. ट्रकांमधून नाशिकची द्राक्षं, हिमाचलचं सफरचंद, आंध्राचा आंबा येतो, आणि प्रत्येक पेटीसोबत त्या त्या मुलखाच्या चार माश्या. "सगळ्या सारख्या असत्या तर एका उन्हाळ्यात सगळ्या खपल्या असत्या," ताई सांगायच्या. "एखादीले ऊन सोसते, एखादीले आंबवलेलं पचते. फरक आहे म्हणून खानदान आहे."

हाच फरक मोजण्यासाठी त्यांचा सगळा खटाटोप. दक्षिणेकडच्या एका संस्थेतली एक संशोधक मुलगी गावोगावच्या माश्या जमवत होती. ताई तिला 'पोट्टी', म्हणजे पोरटी, म्हणायच्या, तिला त्याचा अर्थ कळत नव्हता म्हणून बरं. ताई प्रत्येक बाटलीतल्या काही माश्या स्पिरिटमध्ये बुडवून तिला पाठवायच्या. कुरिअरवाल्याशी दर वेळी तोच संवाद व्हायचा. "अंदर क्या है?" "माश्या." "जिंदा?" "नाही जी." "तो फिर भेज क्यूं रहे?" पोट्टी त्या माश्यांचा जीनोम वाचून घ्यायची. प्रत्येक माशीच्या आत तिच्या सगळ्या वाडवडिलांची पोथी असते आणि ती अक्षर न् अक्षर उतरवून घेता येते, एवढं मला समजलं; त्यापुढचं मी समजल्यासारखी मान हलवली. उतरवलेली पोथी मग जगातल्या एका सामायिक भांडारात जायची. तिथे कोणीही यावं, आपल्या देशातली माशी नागपूरच्या माशीशी ताडून पाहावी, फुकट.

"फुकट?" मी विचारलं. सेक्रेटरीचा स्वभाव.

"गावची विहीर कोणाची असते जी? ज्याची बादली असते त्याची."

फॉर्म इंग्रजीत आणि कम्प्युटरवर भरायचे असल्यामुळे ते काम हळूहळू माझ्याकडे आलं. त्याआधीच्या सगळ्या नोंदी ताईंनी हाताने लिहून पाठवल्या होत्या आणि पोट्टीने टंकल्या होत्या. मी आलो तो वाडीच्या प्रकरणामुळे.

झालं असं, की परदेशातल्या कोणा अभ्यासकाचं मोठं उत्साही पत्र आलं. वाळवंटातल्या कोरड्या नदीपात्रात ही माशी जगते कशी, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तिच्या अंगात पाणी धरून ठेवण्याचं काही खास दिसतं आहे का? ताईंनी पत्र मला दाखवलं. मी भांडार उघडलं. वाडीच्या माश्या अरबस्तानात होत्या. त्या मुलखात कोरड्या नदीला वाडी म्हणतात म्हणे, आणि फॉर्मात नुसतं 'वाडी' पाहून यंत्राने ठिपका तिथे नेऊन ठेवला होता.

ताई संतापल्या. असा संताप मी फक्त हद्दीच्या वादात पाहिला आहे. "अमरावती रोडची पोरगी! तिले उंटात टाकली!" मी चार ओळींचं सणसणीत पत्र लिहिलं: मौजा वाडी, तहसील नागपूर (ग्रामीण), चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेला नागपूर शहर, पश्चिमेला अमरावतीकडे जाणारा रस्ता आणि त्यावर उभे ट्रक. ठिपका परत आला. अभ्यासकाने दिलगिरी कळवली, आणि वाडीत खरोखर नदी नाही ना, हेही विचारून घेतलं. त्या दिवसापासून मी माश्यांचा पटवारी झालो.

पटवारीपण अंगात येऊन मी सगळ्या बाटल्यांचं दफ्तर नीट करायला घेतलं. प्रत्येक माहेराचा मौजा, तहसील, सगळं. तेव्हा सात नंबरची बाटली सापडली. हिच्यावर नुसतं 'माहेर' लिहिलं होतं, पुढे काहीच नाही. ही बाटली रांगेत नव्हती, कूलरच्या अगदी समोर वेगळी होती. तोंडाला बोळाही इतरांसारखा कापसाचा नव्हता, धुऊन धुऊन मऊ झालेल्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता.

"ताई, हिचं गाव राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "नाही राहिलं," म्हणाल्या.

मला वाटलं, उन्हाने डोकं तापलं असेल. मी पुढची बाटली घेतली.

महिन्याभराने पोट्टीने एक पत्र पुढे पाठवलं. भांडाराच्या व्यवस्थापकाचं, सभ्य आणि थंड. आपल्या यादीतल्या सातव्या नमुन्याचं स्थान कृपया तपासावं. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर उपग्रहाच्या चित्रात कोळशाच्या खुल्या खाणीचा खड्डा दिसतो. तिथे वस्ती नाही, झाड नाही, फळ नाही. फळमाशी असणं संभवत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्ती न आल्यास नमुना सामायिक संग्रहातून काढून टाकण्यात येईल.

मी ते मराठीत वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "काढतील म्हणजे?"

"पुसतील."

सातव्या नोंदीत ताईंनी गावाचं नाव न देता जुन्या नकाशावरून काढलेले आकडे तेवढे लिहिले होते. मी नकाशा उघडला. ठिपका उमरेडच्या बाजूला, खाणीच्या ऐन मध्यात. लिहिताना आकडा इकडचा तिकडे झाला असणार, मी समजूत घातली. उमरेड तर लागूनच आहे. उमरेड लिहून टाकू, व्यवस्थापकही खूश, यंत्रही खूश.

"काहून?" ताई एकदम म्हणाल्या. "वाडी अरबस्तानात गेली तवा तुम्ही त्यांच्याशी भांडले. आता तुम्हीच मले सरकवून राहिले?"

'मले' म्हणाल्या, 'तिले' नाही. मी ते ऐकलं, पण मी कारकून माणूस, समोर मुदत दिसत होती. मी म्हटलं, "ताई, एका बाटलीचा तर प्रश्न आहे. बाकी एकेचाळीस आहेतच ना."

"बाटल्या माह्यापुरत्या आहेत जी," त्या म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी नवीन बाटलीत घालणारं कोणी नसलं की संपलं. मी गेल्यावर तुम्हीच धुवाल ह्या. तुम्ही नाही तर दुसरा सेक्रेटरी. जे तिथं लिवलं आहे तेवढंच राहीन." आणि त्यांनी दार लोटलं. रागाने नाही, हळूच, आतल्या माश्यांना वारा लागू नये इतक्या हळू.

त्यानंतर दहा दिवस इंदूताईंनी इमारतीत कोणालाही सडकं काही मागितलं नाही. हे वाचायला किरकोळ वाटेल. आमच्याकडे त्याने घबराट पसरली. दुसऱ्या मजल्यावरचे तक्रारदार स्वतः मला विचारून गेले, बाईंची तब्येत बरी आहे ना. मंदाने त्यांच्यासाठी ठेवलेली दोन केळी काळी ठिक्कर पडली आणि न्यायला कोणी आलं नाही. मला माझाच राग यायला लागला. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो: नकाशा आणि माणूस यांचं पटत नसेल तर टेबलाशी बसून निकाल द्यायचा नाही, जागेवर जायचं. अकराव्या दिवशी सकाळी मी खाली गेलो आणि म्हटलं, "ताई, चला. स्थळपाहणी करू."

त्यांनी कापडी पिशवी घेतली आणि निघाल्या. जणू दहा दिवस चप्पल घालूनच बसल्या होत्या.

एसटीने उमरेड, तिथून ऑटो. ऑटोवाला गप्पिष्ट होता. "खाणीकडं चालले? पोरगा आहे का तिथं कामाले?" ताई म्हणाल्या, "नाही गा. माहेर आहे." त्याने आरशातून एकदा पाहिलं.

डांबरी रस्ता मातीच्या ढिगाऱ्यापाशी येऊन तुटला होता. पलीकडे तारेचं कुंपण. आम्ही ढिगाऱ्यावर चढलो, मी त्यांना हात दिला. खाली तो खड्डा. किती मोठा ते सांगत नाही, मला मोजता आला नाही, आणि मोजण्यात माझी हयात गेली आहे. तळाशी डंपर चालले होते, चिलटांएवढे. मी ताईंकडे पाहिलं, मला वाटलं आता रडतील. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला आणि बोट केलं. खाली नाही, सरळ समोर, हवेत.

"ते पाहा. ती घार फिरून राहिली ना, तिच्या जराशी खाली. तिथं आमचं अंगण."

मी घारीखाली पाहिलं. हवा होती.

"लोक म्हणतात निंबझरी खाणीत गेली. जाईन कशी? घर जिथं होतं तिथंच आहे जी. जमीन खाली गेली."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, उभ्या उभ्या. गाव उठायचं ठरलं तेव्हा आईवडील राहिले नव्हते, भाऊ होता. शेवटच्या दिवशी सगळे जण घर वाटून घ्यायला आले. भावाने दाराची चौकट काढून घेतली. वहिनीने जातं घेतलं. चुलत्यांनी छपराचे कवेलू उतरवले, कोणी रांजण नेला. ताई नागपूरहून सकाळच्या बसने आल्या होत्या, कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"मले कोणी विचारलं नाही का तुले काय पाहिजे. विचारण्यासारखं काही नव्हतंच. लगन झालं नाही, लेकरंबाळं नाही. चौकट नेऊन कुठं लावू? भाड्याच्या खोलीले?" त्या हसल्या. "अंगणातल्या जामाखाली फळं पडून सडली होती. वेचाले कोणी नव्हतं त्या साली. त्यावर ह्या बसल्या होत्या. पिशवीत एक रिकामी बाटली होती, ती काढली. मी म्हटलं, चौकट तुम्ही न्या. राहणारं कोणी मी नेते."

मी विचारलं, "पण ताई, लग्न झालं नाही तर माहेर कसं? घर म्हणा."

"होतं तवा घरच होतं," ताई म्हणाल्या. "परत जाता येत नाही तवा माहेर होते."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, आणि ते मी खिडकीच्या धुळीवर ढकललं. आमच्या दफ्तरात एक शब्द आहे, रिठी. ज्या गावात आता माणूस नाही, घर नाही, चूल नाही, त्या गावाचं नाव दफ्तरातून काढत नाहीत; नावापुढे कंसात 'रिठी' लिहितात. गाव उठलं तरी मौजा राहतो. हा शब्द मी नोकरीभर लिहिला. किती गावांपुढे, आठवत नाही. एकदाही मनात आलं नाही, की इथे कोणाच्या तरी अंगणात झाड असेल.

त्याच दिवशी व्यवस्थापकाला उत्तर लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: "आपण दाखवलेली जागा बरोबर आहे. मी स्वतः पाहून आलो आहे. माशी पकडली त्या तारखेस तिथे एक घर, अंगण व पेरूचं झाड होतं. झाडाखाली फळं होती. आपला उपग्रह उशिरा पोहोचला. गाव: निंबझरी (रिठी)." चिकटपट्टीवर काय लिहायचं तेही ताईंना विचारलं. त्यांनी निळ्या शाईने 'माहेर'पुढे दोन टिंबं दिली आणि निंबझरी लिहिलं.

आठवड्याने उत्तर आलं. तारीख लक्षात घेतली नव्हती, क्षमस्व. नमुना कायम ठेवला आहे. मी ताईंना वर बोलावून पडद्यावर दाखवलं. खड्ड्याच्या मध्यावर ठिपका, ठिपक्याला नाव. ते वाचून मी कपाळाला हात लावला. यंत्राला रिठी काय ते कळलं नव्हतं. त्याने कंस काढून टाकला होता आणि तो तालुका समजला होता. जगाच्या त्या भांडारात आता 'गाव निंबझरी, तालुका रिठी, भारत' अशी नोंद होती.

"आत्ता दुरुस्त करतो," मी म्हटलं. वाडीला अरबस्तानातून परत आणणारा माणूस मी.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "तालुका रिठी. बरं आहे. उठलेले सगळे गावं एका तालुक्यात असले म्हणजे जवळ जवळ राहतील."

मी माउसवरचा हात काढला. चुकीची नोंद तशीच ठेवून उठलो, अशी ती आयुष्यातली पहिली.

त्यांनी पडद्यावरच्या ठिपक्याला बोट लावलं. मग विचारलं, "हे कोणालेही दिसते?"

"जगात कोणालाही."

"माह्या भावाले?"

"त्यांनाही. सांगू का, नंबर द्या, मी फोन करतो."

"नाही नाही," त्या घाईने म्हणाल्या. "त्याले नका सांगू. त्याले वाटीन, मी हिस्सा मागून राहिली."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि जवळजवळ तीन आठवड्यांनी मला विचारलं, "पांढरीभाऊ, तुमच्या घरी काही सडलं आहे का जी?"

"आज नाही," मी म्हटलं. "परवा या."

त्या गेल्यावर मी टोपलीतला सगळ्यात चांगला जाम उचलला. पिवळाधमक, वास सुटलेला. खिडकीत उन्हात ठेवला. मंदा ओरडली, अहो, चांगला आहे तो, खाऊन टाका ना.

"असू दे," मी म्हटलं. "खालच्यांच्या माहेरचा आहे."